किल्ली कोणाच्या हाती?

लग्नाचा हंगाम सुरू झाला की आमच्या चर्चचे आवार मोटारींनी भरून जाते. एखादी लांबरुंद, चकचकीत गाडी फाटकातून आत येताना दिसली की बंदोबस्ताला उभी असलेली तरुण मंडळी धावत पुढे होतात आणि जागा मोकळी करून देतात. त्याच लग्नाला रिक्षाने आलेल्या नवरीच्या सख्ख्या मावशीला मात्र "रिक्षा बाहेरच थांबवा" असे ऐकून घ्यावे लागते. गाडीतून उतरतानाही जणू एक अलिखित विधी पाळला जातो. किल्ली बोटावर फिरवीत पुढच्या दाराने उतरतो तो घरचा पुरुष; लेकराला कडेवर घेऊन, साडी सावरीत दुसऱ्या दाराने उतरते ती त्याची पत्नी. घरभेटीच्या वेळी अशाच एका भगिनीने आम्हांला सांगितले, "फादर, लायसन मीही काढलं होतं. पण गाडी ह्यांची ना! ते कपाटातच पडून आहे."

या दोघींचा अपमान कोणी जाणूनबुजून केलेला नाही. फाटकावरचा मुलगा भला आहे आणि त्या भगिनीचा पतीही सज्जन आहे. परंतु जे कोणी ठरवून करीत नाही आणि तरीही सर्वजण करतात, ते कोठेतरी शिकवले गेलेले असते. आमच्या मते ही शिकवणी आपल्याच दिवाणखान्यात, टीव्हीच्या पडद्यावर आणि आता हातातील मोबाइलवर, अर्ध्या-अर्ध्या मिनिटाच्या तासिकांतून रोज चालू आहे. मोटारींच्या जाहिराती आपल्या मुलाबाळांना दोन धडे देत आल्या आहेत. पहिला धडा: किल्ली पुरुषाची. दुसरा धडा: मान माणसाचा नव्हे, गाडीचा. हे दोन्ही धडे खोटे आहेत आणि ते आपण मुकाट्याने गिरवीत आहोत, एवढेच आम्हांला आज सांगायचे आहे.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. मोटार बाळगणे हे पाप नव्हे. आजाऱ्याला रात्री-अपरात्री इस्पितळात पोहोचवणारी, वृद्ध आईवडिलांना मिस्सेला घेऊन येणारी गाडी ही घराची सेवाच करते. जाहिरात हीदेखील स्वभावतः वाईट गोष्ट नव्हे. व्हॅटिकनच्या सामाजिक संपर्क माध्यमविषयक परिषदेने २२ फेब्रुवारी १९९७ रोजी जाहिरातींच्या नीतिमत्तेवर एक निवेदन प्रसिद्ध केले होते. त्यात जाहिरातीचा सरसकट धिक्कार केलेला नाही; उलट तिचे उपयोगही नोंदवले आहेत. मात्र सत्य, मानवी व्यक्तीची प्रतिष्ठा आणि सामाजिक जबाबदारी या तीन कसोट्यांवर ती उतरली पाहिजे, असे निक्षून सांगितले आहे. मोटारीच्या जाहिरातीला आपण याच तीन कसोट्या लावून पाहू.

पहिली कसोटी सत्याची. मोटार ही पुरुषाची वस्तू आहे, हे खरे आहे काय? इतिहास काय सांगतो ते पाहावे. जर्मनीतील कार्ल बेंझ यांनी १८८६ साली आपल्या तीनचाकी मोटारीचे पेटंट घेतले. पण ती चालते यावर लोकांचा विश्वास बसेना. १८८८ च्या ऑगस्ट महिन्यात त्यांची पत्नी बर्था हिने पतीला न सांगता ती गाडी बाहेर काढली आणि आपल्या दोन किशोरवयीन मुलांना घेऊन मॅनहाइमहून फोर्झहाइमला, सुमारे शंभर किलोमीटर दूर असलेल्या आपल्या माहेरी, ती घेऊन गेली. वाटेत इंधन संपले तेव्हा विस्लोख गावच्या औषधाच्या दुकानातून तिने ते विकत घेतले. इंधनाची नळी तुंबली तेव्हा टोपीच्या पिनेने मोकळी केली. ब्रेक झिजले तेव्हा चांभाराकडून त्यांना चामडे ठोकून घेतले. मोटारीचा पहिला लांबचा प्रवास करणारी व्यक्ती स्त्री होती, आणि वाटेत गाडी दुरुस्त करणारीही तीच होती. इतकेच नव्हे, तर लग्नापूर्वीच तिने आपल्या हुंड्याच्या रकमेतून पैसे उचलून अडचणीत आलेल्या कार्लचा कारखाना सावरला होता. मोटारीच्या जन्मापाठीमागे एका स्त्रीचे धन आणि धाडस उभे आहे, ही गोष्ट कोणती जाहिरात आपल्याला सांगत असते?

उलट, मोटार विकणाऱ्यांनी पुढे या स्त्रीचे काय केले ते पाहा. अमेरिकेत १९५५ साली डॉज कंपनीने खास स्त्रियांसाठी म्हणून 'ला फाम' नावाची गाडी बाजारात आणली. तिच्यात स्त्रीसाठी वेगळे असे काय होते? यंत्र तेच, चाके तीच. गाडीला गुलाबी-पांढरा रंग दिला होता आणि सोबत त्याच रंगाची पर्स, लिपस्टिकची डबी, रेनकोट आणि छत्री दिली होती. दोन वर्षांतच ही गाडी बंद पडली. स्त्रियांनी ती घेतली नाही, कारण त्यांना गाडी हवी होती, बाहुलीचे घर नव्हे. परंतु त्या गाडीमागची समजूत बंद पडली नाही. स्त्रीने गाडी घ्यायचीच असेल तर ती लहान असावी, गोंडस असावी, चालवायला 'सोपी' असावी. दणकट आणि ताकदीची गाडी ती पुरुषाची, ही वाटणी जाहिरातींतून आजही आपल्या ओळखीची आहे.

आपल्या महाराष्ट्रातील उदाहरण घेऊ. गाडी दुचाकी आहे, पण धडा तोच आहे. १९८९ मध्ये पुण्याच्या बजाज कंपनीची 'हमारा बजाज' ही जाहिरात घराघरांत पोहोचली. तिच्यात साधीसुधी माणसे होती, आपल्यासारखी घरे होती, आणि शब्द होता 'आपला'. पुढे २००१ साली त्याच कंपनीची पल्सर ही मोटारसायकल आली, तेव्हा तिची ओळख करून देणाऱ्या इंग्रजी घोषवाक्याचा अर्थ होता 'निःसंशय पुरुष'. बारा वर्षांत 'आपला' जाऊन 'पुरुषाचा' आला! कोणी म्हणेल, ही विक्रीची युक्ती, तिचे एवढे काय मनावर घ्यायचे? पण ज्या घरात मुलाला अठराव्या वर्षी मोटारसायकल मिळते आणि त्याच घरातील मुलीला "कॉलेजला बसने जा, तुला कशाला?" असे सांगितले जाते, त्या घरातील मुलीने हे मनावर घेतलेले असते.

दुसरी कसोटी मानवी प्रतिष्ठेची. जाहिरातीच्या गाडीत स्त्री कोठे दिसते? कधी ती बॉनेटला टेकून उभी असते, गाडीवरील एक अलंकार म्हणून. कधी ती शेजारच्या आसनावर कौतुकाने पतीकडे पाहत असते. कधी ती गाडी मागे घेताना गडबडते आणि आपण हसतो. अलंकार, प्रवासी आणि विनोद अशा तीन भूमिका तिच्या वाट्याला येतात. हळूहळू माणूस आणि वस्तू यांतील रेषाच पुसट होत जाते. २०१३ साली आपल्या देशातील एका जाहिरात संस्थेने फोर्ड फिगो या गाडीसाठी काही भित्तिचित्रे तयार केली. गाडीची डिकी किती प्रशस्त आहे हे दाखवण्यासाठी तिच्यात हातपाय बांधलेल्या, तोंडात बोळे कोंबलेल्या स्त्रिया दाखवल्या होत्या. ती चित्रे अधिकृतपणे प्रसिद्ध झाली नव्हती. तथापि ती जगासमोर आली तो महिना मार्चचा होता. दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या अमानुष घटनेनंतर स्त्रियांच्या संरक्षणासाठी केलेला कायदा संसदेने त्याच महिन्यात संमत केला होता. कंपनीने आणि जाहिरात संस्थेच्या मालकांनी माफी मागितली, काहींना पदे सोडावी लागली. पण आमच्या मनातील प्रश्न वेगळाच आहे. ही कल्पना सुचली तेव्हा, ती रेखाटली गेली तेव्हा, रंगवली गेली तेव्हा, सुशिक्षित माणसांनी भरलेल्या त्या कचेरीत ती एकालाही खटकली नसेल काय? आणि खटकली असेल, तर तो बोलला का नाही?

हे केवळ आपल्याकडेच घडते असेही नाही. चीनमध्ये २०१७ साली ऑडी कंपनीच्या जुन्या गाड्यांच्या विक्रीची एक जाहिरात आली होती. ऐन लग्नाच्या वेळी सासू पुढे येते आणि नवरीचे नाक ओढते, कान तपासते, दात पाहते, आणि मग पसंतीची खूण करते. जुनी गाडी अशीच पारखून घ्यावी, हा त्यातील बोध! लोक संतापले आणि कंपनीला माफी मागावी लागली. आपण मात्र चीनला हसण्याची घाई करू नये. कांदेपोह्यांची बशी हातात देऊन मुलीला उभी करायची, तिचा रंग, उंची, चाल पारखायची, हे दृश्य आपल्या ओटीवरचेच आहे. काही ठिकाणी तर गोष्ट याहून पुढे जाते आणि वधूसोबत गाडीही पारखली जाते. केरळमधील एका हुंडाबळीच्या खटल्यात २०२२ साली सत्र न्यायालयाने पतीला दहा वर्षांची शिक्षा सुनावली. हुंड्यात मिळालेली गाडी त्याच्या पसंतीची नव्हती, ही त्याची एक तक्रार होती. जिच्या हुंड्याच्या पैशाने मोटारीच्या जनकाला हात दिला त्या बर्थापासून आपण किती दूर येऊन पोहोचलो आहोत!

तिसरी कसोटी सामाजिक जबाबदारीची. येथे प्रश्न गरिबाचा येतो. जाहिरातीतील रस्ता तुम्ही कधी नीट पाहिला आहे काय? तो नेहमी रिकामा असतो. त्यावर बस नसते, रिक्षा नसते, सायकलवाला नसतो, डोक्यावर पाटी घेतलेली मासळीवाली नसते. आपल्या देशात शंभर कुटुंबांपैकी दहांच्या दारातही मोटार नाही. पण जाहिरातीच्या देशात बाकीची नव्वद कुटुंबे राहतच नाहीत. गरीब माणूस तिथे दिसलाच तर सलाम ठोकणारा पहारेकरी म्हणून, दार उघडणारा नोकर म्हणून, नाहीतर काचेला नाक लावून आत पाहणारे पोर म्हणून दिसतो. गाडीवाल्याचे मोठेपण मोजण्याची पट्टी, एवढाच त्याचा उपयोग. शेजाऱ्याने जळावे म्हणून वस्तू घ्यावी, हा तर या धंद्याचा जुनाच मंत्र आहे. ज्या आज्ञेने आपल्याला शेजाऱ्याच्या घराचा लोभ धरू नका असे शिकवले, ती येथे उलटी करून विकली जाते.

या शिकवणीची सर्वांत बोलकी साक्ष टाटांच्या नॅनो गाडीने दिली आहे. पावसात एकाच स्कूटरवर वडील, आई आणि दोन मुले असे चौघांचे कुटुंब जाताना पाहून रतन टाटा यांना या गाडीची कल्पना सुचली, हे त्यांनी स्वतः सांगितले आहे. १० जानेवारी २००८ रोजी दिल्लीतील वाहन प्रदर्शनात ती लोकांसमोर आली. किंमत एक लाख. यामागील हेतू निखळ माणुसकीचा होता, असे आम्ही मानतो. पण पुढे काय झाले? गुजरातेतील सानंदच्या कारखान्यात वर्षाला अडीच लाख गाड्या निघण्याची सोय होती. सर्वांत चांगल्या वर्षी, म्हणजे २०११-१२ मध्ये, सुमारे पंचाहत्तर हजार गाड्या खपल्या. जून २०१८ मध्ये महिनाभरात एकच गाडी तयार झाली. सिंगूरच्या जमिनीच्या वादामुळे झालेला उशीर, काही गाड्यांना लागलेल्या आगी, ही कारणे होतीच. परंतु 'सर्वांत स्वस्त गाडी' असा तिच्यावर बसलेला शिक्का तिला भोवला आणि तो शिक्का मारण्यात कंपनीचाही वाटा होता, ही कबुली खुद्द टाटा यांनी २०१३ साली दिली.

वाचकहो, या कबुलीचा अर्थ आपण नीट समजून घेतला पाहिजे. स्कूटरवर भिजणाऱ्या कुटुंबाला डोक्यावर छप्पर मिळत होते. तरीही अनेकांना ते नको झाले, कारण त्या छपरावर 'गरीब' असे लिहिले आहे असे त्यांना वाटले. भिजलेले चालेल, पण स्वस्त गाडीतून उतरताना कोणी पाहिलेले चालणार नाही! ही लाज त्या कुटुंबात जन्मतः नव्हती. गाडी म्हणजे प्रवासाचे साधन नव्हे, तर माणसाची किंमत होय, असे वर्षानुवर्षे ऐकवून ऐकवून ती निर्माण केली गेली. जाहिरातींनी पेरलेल्या या विषाने अखेर एका चांगल्या हेतूने बनवलेल्या गाडीचाच बळी घेतला.

जाहिरातीत आणखीही कोणी दिसत नाही, तो म्हणजे कामगार. गाडी जणू आकाशातून डोंगरमाथ्यावर अवतरते! तिला घडवणारे चाकण, पिंपरी, नाशिक येथील हजारो हात कोठे असतात? पुण्याच्या टाटा मोटर्सच्या कारखान्यात हॅरिअर आणि सफारी या गाड्यांच्या जुळणीची एक संपूर्ण लाइन सुमारे दीड हजार स्त्रिया चालवतात, असे त्या कंपनीने २०२२ साली जाहीर केले. या दोन्ही भल्यामोठ्या, रांगड्या म्हणाव्यात अशा गाड्या. ज्या जातीच्या गाड्या बाजारात मर्दानी म्हणून मिरवतात, त्यांचा एकेक भाग बसवणारे हात बांगड्यांचे आहेत. सत्य कारखान्यात एक असते आणि पडद्यावर दुसरेच असते.

यावर जाहिरातवाल्यांचे ठरलेले उत्तर आम्हांला ठाऊक आहे: "आम्ही केवळ आरसा दाखवतो. समाज असा आहे, म्हणून जाहिरात अशी आहे." वर उल्लेखिलेल्या १९९७ च्या निवेदनाने या युक्तिवादाचा समाचार घेतला आहे. जाहिरात हा आरसा असेलही, पण तो समोरच्याला घडवणारा आरसा आहे, आणि कधी कधी तो वाकडे प्रतिबिंब दाखवतो, असा त्या विवेचनाचा आशय आहे. आम्ही त्यात एवढीच भर घालू की आरसा समोर असलेले सर्व दाखवतो. निवडून दाखवतो तो आरसा नव्हे. रिक्षाने येणारी मावशी समाजात आहे, जाहिरातीत नाही. मग हा आरसा कसला?

दुसरे उत्तर असे की "आता दिवस बदलले, जाहिरातींत स्त्रियाही गाडी चालवताना दिसतात." दिसतात, आणि त्याचा आम्हांला आनंदच आहे. पण त्या स्त्रिया कोणत्या? उंच इमारतीत कचेरी असलेल्या, स्वतःच्या पगारातून महागडी गाडी घेतलेल्या. स्वातंत्र्य हे त्या गाडीबरोबर हप्त्यांनी मिळणारी वस्तू आहे, असा त्याचा सूर असतो. ज्या परिचारिकेला रात्रपाळीनंतर पहाटेची लोकल गाठायची आहे, तिच्या स्वातंत्र्याचे काय? स्त्रीला किल्ली दिली, पण श्रीमंतीची अट घालून दिली, तर पहिला धडा पुसून दुसरा अधिक ठळक केला, इतकेच म्हणता येईल.

आणि ही केवळ चित्रांची बाब नाही. गाडी चालवणारा तो पुरुषच, ही समजूत यंत्रशाळेतही शिरलेली होती. अपघातात माणसाचे काय होते हे तपासण्यासाठी गाडीत मानवी आकाराचे पुतळे बसवून ती आपटवतात. यासाठी जगभर वापरला जाणारा नेहमीचा पुतळा १९७० च्या दशकात सरासरी अमेरिकन पुरुषाच्या मापाने घडवला गेला. अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ साली दाखवून दिले की सारख्याच अपघातात, पट्टा बांधूनही, स्त्री चालकाला गंभीर दुखापत होण्याचा संभव पुरुषापेक्षा ४७ टक्क्यांनी अधिक होता. सरासरी स्त्रीच्या मापाचा पुतळा स्वीडनमधील संशोधकांनी पुढे आणला तो २०२२ साली. ज्या आसनावर आपण स्त्रीची कल्पनाच केली नाही, तेथे तिच्या संरक्षणाची काळजी तरी कशी घेतली जाणार? कल्पनेतील चूक शेवटी हाडामांसाला भोगावी लागते.

मग करावे काय? निषेध करून थांबणे आम्हांला मान्य नाही. ब्रिटनमध्ये जून २०१९ पासून स्त्री-पुरुषांविषयीच्या घातक साचेबंद कल्पना जाहिरातीत दाखवण्यास मनाई आहे. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये फोक्सवॅगनच्या विजेवर चालणाऱ्या गाडीची एक जाहिरात त्या नियमाखाली थांबवली गेली. तिच्यात पुरुष अंतराळात तरंगत होते आणि स्त्री बाळाच्या गाडीशेजारी बाकावर बसली होती. तक्रारी किती आल्या होत्या? केवळ तीन. आपल्याकडेही जाहिरातदारांनी स्वतःवर नियंत्रण ठेवण्यासाठी १९८५ साली स्थापन केलेली ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया ही संस्था मुंबईत आहे. जून २०२२ मध्ये तिने अशाच साचेबंद चित्रणाविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आहेत, आणि सामान्य नागरिकाला तेथे तक्रार करता येते. तीन तक्रारी तर आपल्या एका धर्मग्रामातील एका वाडीतूनही जाऊ शकतील.

परंतु खरे काम घरातच आहे. जाहिरात लागली की मुलांना विचारा: या गाडीत आई कोठे बसली आहे? या रस्त्यावर आपली बस का नाही? मुले चटकन ओळखतात. त्यांना फक्त कोणी विचारावे लागते. मुलीला गाडी शिकवा, चाक बदलायलाही शिकवा. कपाटातील लायसन बाहेर काढा. गाडी घेताना शेजारी काय म्हणेल हा विचार सोडा आणि आपल्याला काय परवडते, काय लागते, एवढेच पाहा. मुलाच्या लग्नात गाडीचा विषय निघाला तर तेथेच उठून उभे राहा.

आणि आमच्या वाट्याचे काम आम्ही करू. येत्या लग्नाच्या हंगामात आवाराच्या फाटकावर उभ्या राहणाऱ्या मुलांना आम्ही बोलावून सांगणार आहोत की रिक्षा आत येईल, पायरीपर्यंत येईल, आणि मावशीचा हात धरून तिला उतरवून घ्यायचे. मग मागून येणाऱ्या लांबरुंद गाडीला थोडा वेळ थांबावे लागले तरी हरकत नाही. त्या गाडीच्या चालकाच्या जागेवरून त्या घरची सून किल्ली घेऊन उतरली, तर आम्हांला दुप्पट आनंद होईल.